मांडीवरचा चहा

नवऱ्याची पाठ दुखतेय हे रुकय्याला कळलं ते नणंदेकडून, आणि तेही गरम पाणी मागताना. पिशवी भरून दे, नूरची पाठ शेकायची हाय, चार दिस झाले दुखते, असं हबीबाआपा स्वयंपाकघराच्या दारातून बोलली आणि निघूनही गेली. रुकय्या हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. चार दिवस हा माणूस तिच्या शेजारी झोपत होता, तिच्या हातचं जेवत होता, आणि पाठीचं गाऱ्हाणं घेऊन गेला कुणाकडे, तर बहिणीकडे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तसं बघितलं तर यात नवीन काही नव्हतं. नूर मोहम्मदचं रक्त गोठत नसे. जन्मापासूनचा आजार. लहानपणी दात पडला तरी रक्त थांबता थांबायचं नाही, आणि गुडघा कशावर आपटला की आत रक्त साचून भोपळ्यासारखा फुगायचा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला वाढवला तो आपाने. बर्फ कधी लावायचा, कुठली गोळी चुकूनही द्यायची नाही, मुंबईला कुठल्या इस्पितळात न्यायचं, सगळं तिला तोंडपाठ. ती विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा मोहल्ल्याला तिची दया आली. रुकय्याला मात्र, खारबावहून लग्न होऊन या घरात आल्यावर, स्वतःचीच दया यायला लागली.

दर जुम्म्याला आपा भावाला ओसरीवर बसवायची आणि त्याची नखं कापायची. बायकोला ते काम मिळत नसे. हात हलला, कातडीला लागलं तर काय घ्या. तीन वर्षं रुकय्या दाराआडून ती नखं पडताना बघत होती आणि तिच्या पोटात दुखत होतं. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. नवऱ्याचा जीव जपणाऱ्या नणंदेशी भांडायचं कशावरून?

पाठीचं निदानही आपानेच करून टाकलं. कारखान्यात लूमवर सुताचा जड बीम चढवताना नूर मोहम्मदने मालकपणा विसरून कारागिरांबरोबर हात लावला होता. कमरेत उसण भरली, बस. रक्ताचं असतं तर सूज आली असती, काळंनिळं दिसलं असतं. पाठ तिने उजेडात नीट बघितली होती आणि तिथे काही नव्हतं. इतकी वर्षं तिने हा आजार सुजेवरूनच ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूर मोहम्मद पलंगावर डावा गुडघा उभा करून पेपर वाचत होता. हल्ली तो पाय सरळ करतच नसे. रुकय्या चहा घेऊन वाकली आणि डोक्यातल्या रागापायी की कशाने, कप कलंडला. गरम चहा लुंगीवरून त्याच्या डाव्या मांडीवर सांडला आणि काळ्या चौकड्यांत जिरूनही गेला. ती दचकून मागे सरली. पेपरआड नूर मोहम्मद निवांत होता. त्याने पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

रुकय्याने कप खाली ठेवला. उसण भरलेल्या माणसाची मांडी अशी मरत नाही, एवढं कळायला तिला कुणाच्या शिकवणीची गरज नव्हती. हे रक्ताचंच काहीतरी होतं, आणि या घरात रक्ताचं म्हणजे जिवाशी गाठ. ती तोंड उघडणार तेवढ्यात शेकायची पिशवी घेऊन आपा आत आली. रुकय्या नवऱ्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवत होती. आपाने ती उशी तिच्या हातातून काढून घेतली.

"सरक. तुला न्हाय जमणार ते."

नूर मोहम्मद बहिणीकडे बघून हसला. रुकय्याने जिभेवर आलेला शब्द गिळला. सगळं कळतं ना हिला? मग हेही कळू दे.

दोन दिवस ती मूग गिळून बसली. पाठदुखी काही थांबेना. नवऱ्याला भिंत धरून वाकून चालताना बघितलं की तिला वाटे, आता सांगावं. मग आपा त्याचा घास मऊ करून ताटात ठेवताना दिसे आणि तिचं मन पुन्हा घट्ट होई.

शेवटी आपाने भावाला नाक्यावरच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. रुकय्याला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती आपणहून बुरखा घालून रिक्षात बसली. दवाखान्यात कंपाउंडरने पेशंटबरोबर एकानेच आत जायचं, म्हणून सांगितलं. एक म्हणजे कोण, हा प्रश्नच नव्हता. आपाने हातातली पिशवी रुकय्याकडे दिली आणि ती पडद्याआड गेली.

पडदा पातळ होता. डॉक्टर सावध माणूस होते. रक्ताचा आजार ऐकल्यावर त्यांनी घाई केली नाही, एकेक विचारत गेले. नूर मोहम्मदला विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं आपा देत होती. लहानपणापासून त्याला तीच सवय होती.

"पायात कुठे मुंग्या, बधिरपणा?"

"न्हाय," आपा म्हणाली. "तसलं काय न्हाय. मी बघते ना रोज."

मग स्नायूच दुखावला असेल, डॉक्टर म्हणाले. शेक चालू ठेवा, दोन दिवसांनी दाखवा.

आपा चुकली. हा विचार रुकय्याला गोड लागला, अगदी गोड लागला. आयुष्यात पहिल्यांदा आपा चुकली होती आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. पण आणखी दोन दिवस शेक. आत जे काही होतं ते आणखी दोन दिवस वाढत जाणार. तिला पलंगावरची ती मांडी दिसली, आणि नखं कापून घ्यायला तो उरलेलाच नाही असा ओसरीवरचा जुम्मा दिसला. तिने पडदा सारला.

"डॉक्टर, त्यांची मांडी मेली हाय. गरम चहा सांडला तरी कळलं न्हाय त्यांना."

डॉक्टरांनी नूर मोहम्मदला डोळे मिटायला सांगून दोन्ही मांड्यांवर कापसाचा बोळा फिरवला. उजवीकडे त्याला कळलं, डावीकडे कळलं नाही. पाय सरळ करायला लावल्यावर तो कळवळला. डॉक्टर उठूनच उभे राहिले. पोटामागच्या खोल स्नायूत रक्त उतरलं असावं, ते मांडीच्या नसेवर दाब देत असावं, सूज आत आहे, बाहेर दिसायची नाही, असं ते भराभर बोलले. शेक आत्ताच्या आत्ता बंद, आणि आजच मुंबईला. रक्त गोठायला प्लाझ्मा चढवावा लागेल, तो काही भिवंडीत मिळत नाही. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी रुकय्याला विचारलं, "चहा कधी सांडला?"

"परवा."

"मग दोन दिवस गप्प का राहिलात?"

रुकय्याने मान खाली घातली. आपा तिच्याकडे बघत होती.

"मीच बोललो होतो तिला," नूर मोहम्मद म्हणाला. "आपाला सांगू नको म्हणून. उगाच घाबरते ती."

त्याने असं काहीच सांगितलं नव्हतं. रुकय्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की तिला मान वर करवेना. जेव्हा केली तेव्हा आपा अजून बघतच होती. हे बघणं ओळखायला रुकय्याला वेळ लागला नाही. तीन वर्षं दाराआडून ती तसंच बघत आली होती.

टॅक्सी आली तेव्हा आपा आपणहून ड्रायव्हरशेजारी बसली. मागे नूर मोहम्मदचा वाकलेला पाय रुकय्याच्या मांडीवर होता. मानकोलीचा नाका मागे पडल्यावर तो तिच्याकडे झुकला.

"चहा सांडला होता?" त्याने हळूच विचारलं. "खरंच मला कळलं न्हाय."

तिने मान हलवली आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला. मग आपाला ऐकू गेलं का, हे बघायला तिने समोरच्या आरशात पाहिलं. आपा ओढणीने डोळे पुसत होती.