शेवटच्या साडेतीन ओळी

"गोळ्या कोणत्या चालू होत्या त्यांना? नाव सांगा."

नर्सने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा कुठे कात्री भानावर आला. समोरच्या खाटेवर त्याची थोरली बहीण निजली होती. तोंड डावीकडे ओढले गेलेले, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बाजूला पडलेला. सकाळी स्वयंपाकघरात कोसळली, शेजारणीने उचलून आणली.

"बीपीच्या होत्या. पांढऱ्या, लहान," तो म्हणाला.

"पांढऱ्या लहान गोळ्या माझ्याकडे तीनशे प्रकारच्या आहेत. नाव?"

"डबाच आणतो घरून."

कात्री हे त्याचे नाव नव्हे. तीस वर्षे तो एका साप्ताहिकाची पाने लावत होता. पूर्वी मजकुराच्या पट्ट्या कापून चिकटवाव्या लागत, आता सगळे संगणकावर होई. पण नाव चिकटले ते चिकटलेच. लेख जागेत मावला नाही की खालून कापायचा, हा त्याचा नियम. शेवट कुणी वाचत नाही, असे तो नव्या माणसांना छातीठोकपणे सांगे. लेखक मंडळी कुरकुरत. "त्यांचं काय जातं लिहायला? जागा मला काढावी लागते," एवढे बोलून तो चहा मागवी.

ताईला मात्र यातले काही ठाऊक नव्हते. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या या बाप्याला ती अजून बाळ म्हणत असे. ते साप्ताहिक म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्या बाळाचेच काम, असे ती धरून चालली होती. त्यानेही कधी तिचा गैरसमज दूर केला नाही. कौतुक कुणाला नको असते?

ताईच्या घराचे कुलूप उघडून तो थेट स्वयंपाकघरात गेला. किसणीवर आल्याचे ओले तंतू होते. पेल्यात मध घातलेला आल्याचा रस अर्धा उरला होता. औषधांचा डबा खिडकीत सापडला. त्याने झाकण काढले. गोळ्यांची चार पाकिटे होती. तीन जशीच्या तशी. चौथ्यातल्या दोनच गोळ्या काढलेल्या.

त्याने पुन्हा मोजल्या. मग उगाचच डबा उलटा करून पाहिला.

समोर कपाटाच्या दारावर एक कात्रण चिकटवलेले होते. 'आले: स्वयंपाकघरातला वैद्य.' त्यानेच लावलेले पान, सहा आठवड्यांपूर्वीचे. ताईने लाल पेनाने रेघा ओढल्या होत्या. मळमळ थांबते, अन्न पचते, सर्दीत आराम पडतो, दुखऱ्या सांध्यांना बरे वाटते. 'काही अभ्यासांत रक्तदाबही थोडा उतरल्याचे आढळले आहे,' या वाक्याखाली दुहेरी रेघ होती. लेख संपत होता, 'रोजच्या आहारात आल्याला जागा द्या,' इथे. खाली गादीची जाहिरात. एक बाई निवांत झोपलेली.

कात्री त्या झोपलेल्या बाईकडे बघत राहिला आणि त्याला तो बुधवार आठवला. जाहिरात उशिरा आली होती आणि सांगितल्यापेक्षा दोन बोटे उंच होती. लेख लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी लिहिले होते, 'मात्र आले हा औषधाला पर्याय नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत.' साडेतीन ओळी. त्याने त्या वाचल्याही होत्या. हे काय सांगायला हवे, शेंबड्या पोरालाही कळते, असे मनाशी म्हणून त्याने त्या उडवल्या. अंक निघाल्यावर बाईंचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला होता, "जागा नव्हती हो बाई."

तो फरशीवर बसला. कारण आता दुसरा फोनही आठवत होता. ताईचा. "बाळ, तुझं ते आल्याचं फार गुणाचं आहे रे. मी आता तेवढंच घेते." तो पान लावत होता. "घेत जा, चांगलं असतं," म्हणून त्याने फोन ठेवला होता.

तेवढंच. हा शब्द त्याने ऐकला होता आणि ऐकला नव्हता. शेजारणीच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता. बाहेर सगळे रोजच्यासारखे चालू होते याचाच त्याला धक्का बसला.

त्याने कात्रण अलगद सोडवले, डब्यात ठेवले आणि इस्पितळ गाठले.

"सहा आठवडे गोळीच नाही?" डॉक्टरांनी पाकिटे हातात घेतली. "कोणी सांगितलं यांना?"

तेवढ्यात भाची येऊन पोचली. पाच तासांचा प्रवास करून आलेली, पिशवी खांद्यावर तशीच. कात्रीने कात्रण तिच्यापुढे धरले. तिने ते वाचले, पुन्हा वाचले.

"मामा, यात गोळ्या बंद करा असं कुठंय?"

"नाहीये."

"मग आईनं का केल्या?"

"बंद करू नका, असं लिहिलेलं होतं. मी कापलं."

"कापलं? का?"

"गादीची जाहिरात होती."

हे शब्द कानावर पडले आणि तोच हादरला. तीस वर्षे हेच कारण त्याला पुरले होते. भाचीने तोंडावर हात ठेवला. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि बोलावे असे त्यालाही वाटले नाही.

ताईची जीभ चौथ्या दिवशी थोडी वळू लागली. डॉक्टर तपासायला आले तेव्हा ती अडखळत म्हणाली, "गोळ्या… मीच… विसरले."

भाचीने मामाकडे पाहिले. ताई कुणाला पाठीशी घालते आहे हे दोघांनाही कळले होते. गप्प राहणे सोपे होते. विषय तिथेच मिटला असता.

"नाही डॉक्टर, ती विसरली नाही," कात्री म्हणाला. मग खाटेजवळ वाकला. "ताई, माझा दोष आहे. गोळ्या सोडू नका, असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं. मी त्या ओळी काढून टाकल्या."

ताई त्याच्याकडे पाहत राहिली. अनोळखी माणूस दारात आल्यावर पाहावे तशी.

"तू… काढल्यास?"

"हो."

तिने डोळे मिटले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. ती झोपली असे वाटून कात्री उठणार, तोच तिने डोळे उघडले आणि उशाशी ठेवलेल्या डब्यातून डोकावणाऱ्या कात्रणाकडे बोट केले. भाचीने ते काढून चादरीवर ठेवले.

"लिही," ताई म्हणाली.

भाचीने पर्समधून पेन काढून त्याच्या हातात दिले. कात्रीने कात्रण उलटसुलट करून पाहिले. मागची बाजू गच्च छापलेली होती, आणि पुढे ताईने चौकटीला लागून असे नीट कापले होते की बोटभरही मोकळा कागद उरला नव्हता.

"जागा नाहीये, ताई," तो सवयीने बोलून गेला, आणि लाजेने त्याचे कान तापले.

ताईने डावा हात उचलला. बोट हळूहळू कागदावरून खाली आणले आणि झोपलेल्या बाईवर टेकवले.

"इथं."

त्याने गादीवर लिहायला सुरुवात केली. एकेक शब्द त्याला पाठ होता. लिहून झाल्यावर ताईने ते बराच वेळ वाचले. मग डाव्या हाताने पेन मागितले आणि त्या ओळींखाली रेघ ओढली. ती वाकडी गेली. तिने पेन सोडले नाही. जरा दम घेतला आणि तिच्याखाली दुसरी ओढली.