पूजलेलं फ्लायव्हील

मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला कोंडूचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजात कोंडूचाच शब्द चालतो. गिऱ्हाईक केवढ्याही मोठ्या गाडीतून उतरो, त्यानं बाकावर बसायचं, चहा प्यायचा आणि गप्प राहायचं. "गाडी तुमची, पाना माझा," असं कोंडू तोंडावर सुनावतो. एवढा तिखट माणूस, पण पोरीनं एकदा "बाबा" म्हणून हाक मारली की त्याचं सगळं शौर्य बनियनच्या खिशात जातं. समीक्षा त्याची एकुलती एक. तिला गाडीचं वेड त्यानंच लावलं होतं, त्यामुळे आता तक्रार कुणाकडे करणार?

डोळखांबच्या बाजूला एका खासगी जमिनीवर चढाची शर्यत ठरली होती. वळणावळणाचा कच्चा रस्ता, एकेक गाडी खालून सोडायची, ज्याचा वेळ कमी तो पुढे. पुण्याच्या एका संघाला नवा ड्रायव्हर हवा होता आणि त्यांची माणसं बघायला येणार होती. समीक्षा शर्यतीत उतरणार होती, म्हणून तिला गाडीत उसळी हवी होती. इंजिन आणि क्लच यांच्या मधोमध फ्लायव्हील नावाची जाड तबकडी फिरत असते. मूळची लोखंडी आणि चांगली वजनदार, म्हणून इंजिन झटकन उठत नाही. समीक्षानं तिच्या जागी हलकी, अ‍ॅल्युमिनियमची मागवली.

"पातेलं बसवायचं काय इंजिनात?" कोंडूनं विचारलं.

"बसव ना बाबा," ती म्हणाली, आणि विषय संपला.

कोंडू चेष्टा करत होता, पण आतून त्याला धाकधूक होती. त्यानं ऐन उमेदीत एका जुन्या जीपचं फ्लायव्हील सुटलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. इंजिन जोरात असताना बोल्ट तुटले, तबकडी क्लचचं कव्हर फोडून, पायाखालचा पत्रा कापून वर आली आणि गॅरेजच्या कौलांतून बाहेर गेली. ड्रायव्हरच्या सीटवर त्या वेळी कुणी नव्हतं, बाहेरून हात घालून रेस देत होते, म्हणून निभावलं. सीटवर माणूस असता तर त्याचे पाय गेले असते, कदाचित जीवही. म्हणून समीक्षाच्या गाडीला त्यानं जुने बोल्ट वापरले नाहीत. नवे आणले, त्यांची लांबी दोनदा मापली, बोल्टांच्या डोक्यांखाली स्टीलची चकती घेतली, बोल्ट सैल पडू नयेत म्हणून आट्यांना लावायचं निळं औषध आणून ठेवलं.

आता राहिली पूजा. त्या घरात नवीन वस्तू आली की ती आधी रत्नाच्या हाताखालून जाते. नांगराचा फाळ असो, मिक्सर असो की पोरीचा मोबाइल, कुंकू लागल्याशिवाय त्याला कामाला लावायचं नाही. कोंडूनं बायकोला बजावून सांगितलं, "ह्या चकचकीत बाजूला क्लच घासतो. तिथं काय एक लावू नको गो, घसरेल." रत्ना शहाणी बाई. तिनं नवऱ्याचं ऐकलं, तबकडी पाटावर उलटी केली आणि पाठीमागच्या बाजूची पूजा केली.

ती पाठीमागची बाजूच इंजिनाच्या दांड्याला चिकटून बसते. कोंडूनं तबकडी उचलली तेव्हा त्याला लाल दिसलं. थिनरचा बोळा हातात होता, हात पुढे गेलाही, आणि थांबला. पूजलेलं लगेच पुसत नाहीत. त्याच्या आईनं कधी पुसू दिलं नव्हतं, त्यानं स्वतः कधी पुसलं नव्हतं. दोन धातूंच्या मध्ये चिमूटभर कुंकू, त्यानं काय होणार आहे? दुसरा कुणी मेकॅनिक असं म्हणाला असता तर कोंडूनं त्याला गॅरेजबाहेर काढला असता. पण इथं पोर स्वतःची होती, गाडी तिची होती आणि आशीर्वाद तिच्या आईचा होता. त्यानं तबकडी तशीच चढवली, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले, ठरलेला जोर बसला की वाजणारा टॉर्कचा पाना प्रत्येक बोल्टावर टक् असा वाजवून घेतला, आणि निर्धास्त झाला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सरावाची एक फेरी झाली. गाडी अशी उसळली की बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. समीक्षा खाली उतरली ती हसतच, पण हेल्मेट काढताना म्हणाली, "बाबा, क्लच सोडताना पायाखाली टिकटिक होते. बारीक."

कोंडूचं हसू मावळलं. धर्मा, त्याचा शहापूरचा जोडीदार, पिकअप घेऊन सोबत आला होता. तो म्हणाला, "हलका फ्लायव्हील हाय, दादा. गिअरबॉक्स खडखडणारच. विकणारा पन बोललेला ना?"

बोललेला होता, खरंच. हलक्या तबकडीवर आवाज वाढतो, हे कोंडूलाही ठाऊक होतं. नेमकी तीच अडचण होती. चांगल्या तबकडीचा आवाज आणि सुटत चाललेल्या तबकडीचा आवाज, फरक कसा ओळखायचा? त्यानं बोनेट उघडून कान लावला, पण इंजिन रिकामं फिरताना काहीच कळेना. खरं काय ते गाडी चढावर ओढायला लागल्यावरच ऐकू येणार. म्हणून समीक्षाची पाळी जवळ आली तसा तो धर्माला गाडीपाशी ठेवून पहिल्या वळणाच्या वरच्या अंगाला जाऊन उभा राहिला.

तिथं ऐनाच्या झाडाखाली रत्ना डबा घेऊन बसली होती. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं. "काय झाला?"

"काय नाय. आवाज येतो जरा."

"काय नाय होनार," रत्ना म्हणाली. "नुसता कुंकू नाय लावला मी. एकेका भोकाला टिकली लावली, वर अक्षता चिकटवल्या. घरचा झिनी तांदूळ. प्रत्येक बोल्टाला देवाचा हात."

कोंडूला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं.

"भोकांच्या कडेला? तांदूळ?"

"मग? तुमीच बोललाव चकचकीत बाजूला नको."

ओल्या कुंकवात बुडालेला बारीक दाणा, वाळून तिथंच खपली झालेला. त्याला ती खपली कुंकवाचीच वाटली होती. पाना टक् वाजला तो तबकडी पोलादाला भिडली म्हणून नव्हे, मध्ये दाणा अडकला म्हणून. सकाळच्या फेरीत इंजिन तापलं, थरथरलं, दाण्याचं पीठ झालं आणि बोल्टाची पकड गेली. आता ती तबकडी कशाच्या आधारावर फिरत होती, देव जाणे.

त्यानं खाली पाहिलं. समीक्षाची गाडी रेघेवर उभी होती. खिशातून फोन काढला, त्यावर रेंजचा पत्ता नव्हता, आणि असती तरी हेल्मेटमधून तिला काय ऐकू जाणार होतं? "धर्माऽऽ!" तो ओरडला. धर्मानं वर बघून हात हलवला. त्याला वाटलं, दादा पोरीला जोर देतोय.

क्षणभर कोंडूच्या मनात आलं, की नसेल काही. सगळ्याच बोल्टांना दाणे थोडेच राहिले असतील, काही गळून पडले असतील. एक फेरी तर आहे. पुण्याची माणसं खुर्च्यांवर बसली होती, ही संधी पुन्हा येणार नव्हती, आणि आपण चुकीचे निघालो तर पोरगी जन्मभर तोंड बघणार नाही. हे सगळं त्याला पटत होतं. त्याच वेळी त्याला ती फुटलेली कौलंही दिसत होती.

झेंडा पडला.

कोंडू उतारावरून पळत सुटला. चपला कुठे राहिल्या त्यालाच माहीत. मागून रत्ना "अवो! अवो!" ओरडत होती. गाडीचा आवाज चढत वर येत होता, आणि त्या आवाजाच्या पोटात आता त्याला स्पष्ट ऐकू आलं. टिकटिक नव्हती ती, ठोके होते. तो रस्त्यावर उतरला, मधोमध आला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

गाडी वळणातून बाहेर आली तेव्हा त्यांच्यात जेमतेम एका भातखाचराचं अंतर असेल. ब्रेक लागले, मागचा भाग सरकला, धूळ अंगावर आली. कोंडूनं डोळे मिटून घेतले, पण पाय हलवले नाहीत. उघडले तेव्हा बोनेट त्याच्या गुडघ्यांना टेकत होतं.

"बंद कर!" तो ओरडला. "इंजिन बंद कर आधी!"

समीक्षानं इंजिन बंद केलं, दार उघडलं, हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. "येडा झालास काय? बाबा! तुला कळतं काय केलंस तू?" तिचा आवाज फाटला होता. खालून लाल झेंडा हलायला लागला. नियम साधा होता, मध्ये थांबलेली गाडी बाद.

"फ्लायव्हील सुटलाय," कोंडू म्हणाला.

"तुला वाटतं सुटलाय!"

"हां. मला वाटतं."

 धर्मानं पिकअपच्या मागे दोर लावून गाडी ओढत मुरबाडला आणली. समीक्षा मागच्या गाडीत स्टिअरिंगवर बसली होती. पिकअपमध्ये रत्ना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिनं हळूच विचारलं, "माझ्यामुळं?" कोंडूनं मागच्या काचेतून दोराकडे पाहिलं, कारण धर्मा ऐकत होता आणि कोंडूला अजून कबूल करायचा धीर होत नव्हता.

दुपारी गॅरेजात गिअरबॉक्स खाली उतरला, क्लच निघाला. समीक्षा हाताची घडी घालून उभी होती. कोंडूनं पहिल्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट घट्ट होता. सगळी ताकद लावावी लागली. दुसराही घट्ट. धर्मानं नजर चुकवली. समीक्षानं नाकातून जोरात श्वास सोडला, आणि तो श्वास कोंडूला थोबाडीत बसल्यासारखा लागला. तो तिसऱ्या बोल्टाकडे वळला. बोल्ट सैल असावा असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती.

तिसऱ्यावर पाना ठेवला तर तो नुसताच फिरला. कोंडूनं पाना बाजूला ठेवला आणि बोल्ट दोन बोटांनी काढला. पुढचाही बोटांनीच आला. त्याच्यापुढच्याचं डोकं हातात आलं, दांडा आतच तुटून राहिला होता. तबकडी बाहेर काढली तसं मागून फिकट गुलाबी पीठ जमिनीवर सांडलं.

रत्नानं वाकून ते पीठ बोटांनी उचललं. "मी मारली असती माझ्या पोरीला," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"तू नाय." कोंडूनं धर्मासमोरच, मोठ्यानं सांगितलं. "तुला काय ठाऊक गो? मी बघितला होता. बोळा हातात होता माझ्या. मी पुसला नाय."

धर्मा उठून बाहेर गेला. समीक्षा पुढे आली. वाकून तिनं त्या तुटक्या बोल्टाचं डोकं उचललं, तळहातावर धरून बघत राहिली. मग ती बापाशेजारी जमिनीवरच बसली.

"बाबा," ती म्हणाली, "तू आडवा आलास ना, तेव्हा मला वाटलं होतं बाजूनं काढावी गाडी. जागा असती तर काढली असती. थांबले नसते मी."

"ठाऊक होतं," कोंडू म्हणाला. "म्हणून तर मधोमध उभा राहिलो."