पंडितच्या सायकलची पहिली फेरी

नेकनूरच्या पंडितने चाळीस वर्षं गावाच्या सायकली दुरुस्त केल्या, पण त्याला स्वतःला सायकल चालवता येत नव्हती. ही गोष्ट आपल्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही, असा त्याचा समज होता. लहानपणी एकदा सायकलसकट बाभळीत जाऊन पडला, तो पुन्हा सीटवर बसला नाही. दुरुस्त झालेली सायकल तो स्टँडवर लावी, चाक गरकन फिरवी, कान लावी आणि म्हणे, "झाली." फेरी मारून बघा असं कुणी म्हटलंच, तर उत्तर तयार असे, "डॉक्टर काय रोग्याच्या अंगात शिरून बघतो व्हय?" लोक हसत आणि त्याला मोठा कसबी समजत.

दुकान बंद करून घरी बसल्यावर त्याला एक खूळ लागलं. तलवाड्याच्या एका गोठ्यात त्याला साठेक वर्षांपूर्वीची सायकल सापडली. तिच्यावर कोंबड्या बसत. ती त्याने अंगणात आणली आणि आठ महिने तिच्यामागे लागला. डिझेलात भिजवून गंज काढला, बेअरिंगचे छर्रे बदलले, वाकड्या चाकांचा आऊट काढून ती सरळ केली, मडगार्डवर श्वास रोखून सोनेरी रेघ ओढली. कातडी सीटला इतकं खोबरेल चोळलं, की बायको कौशल्याबाईच्या केसांना लावायला थेंब उरला नाही. सायकल अशी झाली, की बघणाऱ्याची नजर हटेना. इथंच पंडित फसला.

शेजारचा फळवाला मैनुद्दीन त्याचा जुना दोस्त. बाजाराच्या दिवशी त्याने आळीभर सांगून टाकलं, की दहा वाजता पंडित पहिली फेरी मारणार, घर ते बसस्टँड. दहाच्या आधीच दारात ही गर्दी! हँडलला हार घातला, नारळ फुटला. चाळीस वर्षं जपलेली अब्रू आता आपल्याच अंगणात जाणार होती.

"हवा कमी हाय," तो म्हणाला. मैनुद्दीनने पंप आणून हवा भरली.

"ब्रेक जरा..."

"दाब की बे! चांगला लागतोय."

"आज कंबर लई धरलीय."

"मंग सायकल कावून केलीस? पूजेला ठिवायला?" मैनुद्दीनने विचारलं आणि सगळे खदखदून हसले.

तेवढ्यात कौशल्याबाई हात पुसत बाहेर आली. "अवो, पयली फेरी मी मारनार असं ठरलं व्हतं ना आपलं? इसरलात?"

असं काहीच ठरलं नव्हतं. पण पंडितने लगेच मान डोलावली.

"सीट दोन बोटं खाली घ्या, आन् बसा मागं."

पंडितने पान्याने सीट खाली घेतली. आता दोघांचीही कपाळं फुटणार, याबद्दल त्याची खात्री झाली होती. कौशल्याबाईने लुगड्याचा काष्टा कसला, दांड्यावरून पाय टाकला आणि नवऱ्याला मागे घेऊन सरळ रस्त्याला लागली. मैनुद्दीनचं तोंड उघडंच राहिलं. आळीतल्या बायका टाळ्या पिटू लागल्या.

वळण गेलं, आरडाओरडा मागे पडला. पंडितने मागून विचारलं, "तुला कदीपासून ठाऊक हाय?"

"लग्नाच्या सालापासून. पयल्यांदा मला बसस्टँडवर घ्यायला आलतात. तवा नवी नवरी आन् नवी सायकल, दोनीबी घरापत्तूर पायी चालवत आनल्या तुमी. लोक म्हनले, बायकोवर किती माया! मी मनात म्हनलं, ह्यांना सायकल येत न्हाई."

"आन् तुला येती, हे कावून न्हाई सांगितलंस?"

"म्हायेरी उमापुरात भावाच्या सायकलीवर शिकलते. तुमी कदी इचारलंच न्हाई."

पंडितला चाळीस वर्षांत पहिल्यांदा खरीखुरी लाज वाटली. बसस्टँड आलं आणि गेलं. 'थांब' हा शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्याने गिळला, कॅरिअर घट्ट धरलं आणि विचारलं, "कुठवर जायाचं म्हनतीस?"