नोहाच्या सुना

माझ्या सासऱ्यांनी भूमापन कार्यालयात छत्तीस वर्षं नकाशे काढले. निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात स्वस्थ बसेना. चर्चच्या सभागृहाची मागची भिंत रिकामी होती. तिच्यासाठी त्यांनी एक मोठा तक्ता करायला घेतला. वर बायबलमधल्या जलप्रलयातून तारवात वाचलेला नोहा, खाली त्याचे तीन मुलगे, शेम, हाम आणि याफेथ, आणि त्यांच्यापासून निघालेली सत्तर राष्ट्रं. जेवणाचं टेबल महिनाभर त्यांच्या ताब्यात गेलं. सासूबाई कुरकुरायच्या, पण शाईच्या बाटल्यांची झाकणं त्याच आठवणीने लावून ठेवायच्या.

मी प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीवर घेतलेले नमुने आमच्याकडे येतात. त्यांतला डीएनए वेगळा करून, कोणाचं घराणं कोणत्या जुन्या वंशशाखेतलं, ते आम्ही पाहतो. एका संध्याकाळी मी चपला काढते आहे तोच बाबांनी हाक मारली.

"तुमच्याकडे त्या शाखांना अक्षरं असतात ना? ती यादी आण. प्रत्येक राष्ट्राखाली त्याचं अक्षर लिहितो. शास्त्र आणि पवित्र शास्त्र एकाच कागदावर! चर्चचे पाळकसुद्धा बघत राहतील."

"बघते," मी म्हणाले आणि तीन आठवडे टाळाटाळ केली. यादी त्या तक्त्यात बसणार नाही हे मला माहीत होतं. पण राष्ट्रांखाली त्यांनी अक्षरांसाठी पेन्सिलीने बारीक ओळीही आखून ठेवल्या होत्या. सांगायला जीभ रेटेना.

शेवटी त्यांनीच तोंड उघडून गाल पुढे केला. "यादी राहू दे. निदान माझा नमुना तरी ने. मी याफेथाचा निघतो की नाही बघ!"

निकाल आला. रविवारी दुपारी मी त्यांच्यासमोर बसले. शेजारी सासूबाई शिलाई मशीनवर तक्त्यामागे लावायच्या कापडाला टीप घालत होत्या.

"बाबा, तुमचं अक्षर मिळालं. पण ते नोहाच्या कुठल्या मुलाचं, हे नाही सांगता येत."

"का? नमुना खराब झाला?"

"नाही हो. तुमच्या झाडाला एका जागी तीन फांद्या फुटतात. आमच्याला तशा फुटत नाहीत. एक फुटते, मग हजारो वर्षांनी दुसरी. आणि याफेथाच्या बाजूला तुम्ही जे देश ठेवलेत, त्यांतली अक्षरं हामाच्या बाजूलाही सापडतात. सगळी सरमिसळ आहे."

त्यांनी टाक खाली ठेवला. टोक पुसलं, पुन्हा पुसलं. तक्त्यावर वाकून ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"हे बघ," त्यांनी बोट ठेवलं. "हवीला. हे नाव हामाच्या घराण्यात आहे, आणि इकडे शेमाच्या घराण्यातही आहे. मला वाटायचं, पवित्र शास्त्र लिहिणाऱ्याचा हात घसरला असेल. पण आमच्या खात्यात सीमेवरचं एखादं गाव दोन्ही जिल्ह्यांच्या नकाशांत यायचं. चूक नसायची ती. गावाची सोयरीकच दोन्हीकडे असायची."

"म्हणजे?"

"म्हणजे लिहिणाऱ्याने रक्त मोजलं नव्हतं गं. त्याला ठाऊक होते तेवढे शेजारीपाजारी त्याने एका घरचे म्हणून सांगितले. मी उगाच त्याच्या हातात तुमचं यंत्र देत होतो."

मशीन थांबलं. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे अक्षर कोणाकोणाचं धरता तुम्ही?"

"वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं, असं सरळ वर."

"ह्यांच्या आईचं?"

"ते वेगळं तपासावं लागतं, आई."

"घ्या! तुमचं यंत्रही ह्यांच्याच वळणाचं. एवढा मोठा कागद, सगळे बाप्ये. तारवात आठ माणसं होती ना? नोहाची बायको, तीन सुना. की ही सत्तर राष्ट्रं आभाळातून पडली?"

बाबा इतके हसले की डोळे पुसावे लागले. "अगं, पण सुनांची नावं दिलेली नाहीत!"

"नाव दिलं नाही म्हणून माणूस नव्हतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पेन्सिलीच्या ओळी खोडल्या. मग नोहाशेजारी एक आणि तिन्ही मुलांशेजारी एकेक वर्तुळ काढलं, त्याच जाडीच्या शाईने, आणि आतली जागा कोरी सोडली. मुलांपासून निघालेली प्रत्येक रेघ आता नवराबायकोच्या मधून खाली येत होती. चार दिवस त्यांनी टेबलावरून मान उचलली नाही.

मीही गप्प बसले नाही. त्यांची आईकडची शाखा तपासली, आणि हौसेने माझीही. दोन्ही एकाच मोठ्या गटातल्या निघाल्या. मी हे सांगितलं मात्र, बाबा खुर्चीवरून उठलेच.

"म्हणजे तू माझ्या आईच्या माहेरची!"

"बाबा, त्या गटात कोट्यवधी लोक आहेत."

"असू देत. माणसं वाढली तर बिघडलं कुठे?"

आठवडाभर दुधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ही बातमी सांगितली. मी थांबवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. खरं तर मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

तक्ता भिंतीवर चढला तेव्हा पाळक हात मागे बांधून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ही चार वर्तुळं भरायची राहून गेली का?"

"राहून गेली होती," बाबा म्हणाले. "आता काढली."

पाळकांनी मान हलवली आणि उपासनेनंतर त्यांनाच दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा वीस मिनिटं बोलले. हवीला सांगितलं, सीमेवरचं गाव सांगितलं, सुना सांगितल्या, आणि डीएनएचं जे काही सांगितलं त्यातलं निम्मं बरोबर होतं. सासूबाई पुढच्या बाकावर ताठ बसून होत्या. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, इथे काही ऐकू येत नाही. बाबांनी घसा साफ केला आणि खुशीत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.