मागच्या दाराची तार

"जरा ओढून बघा," म्हणत फुसाएने तार नवऱ्यापुढे धरली.

तोकुजीने ओढली. ओढली कसली, नुसती बोटांत धरली, तर तिचे दोन तुकडे झाले. सोल्डरचा, म्हणजे कथील वितळवून केलेला, सांधा जसाच्या तसा चकचकीत होता. तार तुटली होती ती त्याच्या शेजारी, सोल्डर संपून मऊ तार सुरू होते तिथे.

ही तार तोफूवाल्या ओगिवाराबाईंच्या गाडीची. मागच्या दारावरचा दिवा लागत नाही म्हणून सकाळीच त्या गाडी ठेवून गेल्या होत्या. सांधा गेल्या वर्षी तोकुजीनेच केला होता. स्वतःचं काम ओळखायला त्याला चष्मा लागला नाही.

"तार जुनी झाली असेल," तो म्हणाला.

"तार नवी आहे. दार दिवसातून पन्नासदा उघडतं हो. मऊ तार वाकते. सोल्डर प्यायलेली तार वाकत नाही, मोडते. किती वर्षं सांगतेय मी."

तीस वर्षं सांगत होती. फुसाएने गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं एकच काम केलं. तारेच्या टोकावर धातूची नळी घालायची आणि ती दाबून घट्ट बसवायची, म्हणजे क्रिंप करायचं. तोकुजीचं मात्र तातेबायाशी गावातलं हे दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, आणि सोल्डरिंगच्या धुरावर त्याचा जीव. बायकोच्या कामाला तो चिमटे काढणं म्हणायचा. "पक्कड दाबली की झालं? यात कारागिरी ती काय?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "कारागिरी गाडीला कळत नाही. तिला हादरे कळतात."

एरवी तो आताही काहीतरी बोलला असता. पण हातातल्या तुकड्यांकडे पाहता पाहता त्याला दुसरंच काही आठवलं.

"बालवाडीची बस," तो म्हणाला.

"तिचं काय?"

"भोंग्याची तार. मागच्या दारातून नेलीय."

"ती तर क्रिंप केली होती ना? भोंग्याच्या डब्यात नळ्या आलेल्या, मी पाहिल्या होत्या."

"केली होती. मग वरून सोल्डरही ओतलं."

फुसाएने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

भोंगा त्याने मार्चमध्ये बसवला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की बसच्या मागच्या टोकाला तो कोकलायला लागतो. तो गप्प करायचं बटणही तिथेच. म्हणजे ड्रायव्हरला शेवटच्या सीटपर्यंत चालत जावंच लागतं, आणि जाताना कुठे एखादं मूल झोपून राहिलं असेल तर दिसतं. त्या बसमध्ये दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून भोंगा नि बटण दोन्ही मागच्या दारावर बसवली. नळ्या नियमाप्रमाणे दाबल्या. पण लेकरांचा मामला, तोकुजीला काही राहवेना. त्याने प्रत्येक सांध्यावर सोल्डर ओतलं. बायकोला सांगितलं नाही, ती हसेल म्हणून. मुलांची दप्तरं रोज त्याच दाराने चढत-उतरत होती. अति तिथे माती म्हणतात ती अशी होते, निव्वळ मायेपोटी.

घड्याळात पावणेदहा झाले होते. बस नऊला पोचते. भिंतीवरचा पारा पस्तिशी ओलांडून गेला होता, आणि बंद बसमध्ये काय होत असेल ते सांगायला पारा लागत नव्हता.

त्याने बालवाडीत फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला.

"आज पोहायचा दिवस," फुसाए म्हणाली. "सगळ्या शिक्षिका अंगणात असतील." तिने पक्कड आणि नळ्यांची डबी पिशवीत टाकली. "चला."

"तूच चालव," तो म्हणाला. त्याने किल्ली तिच्यापुढे धरली.

वाटेत तो एकदाच बोलला. "भोंगा वाजला नाही तर ड्रायव्हर नागामोरीसानना कळेलच की."

"कळेल. नाहीतर वाटेल, वाजला नाही म्हणजे मागे जायचं काम नाही. माणसाला सवय लागते हो."

सिग्नल लाल झाला. तो सुटेना. भोंगा बसवला त्या दिवशी एक चिमुरडी पायरीवर येऊन उभी राहिली होती, ते तोकुजीला आठवलं. "आजोबा, हे ओरडणार?" तिने विचारलं होतं. "ओरडेल." "मोठ्याने?" "खूप मोठ्याने. तू झोपलीस तरी सगळ्या गावाला सांगेल." असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. आता त्याला त्या शब्दांची भीती वाटत होती.

बस अंगणाच्या बाहेर भर उन्हात उभी होती. पडदे ओढलेले. भिंतीपलीकडून पाण्याचा आणि मुलांच्या किंचाळण्याचा आवाज येत होता. तोकुजीने शेवटच्या खिडकीच्या फटीला डोळा लावला. मागच्या सीटवर पिवळी टोपी होती.

तो काचेवर थापा मारायला लागला. काच तव्यासारखी तापली होती. फुसाएने हाका मारल्या. ड्रायव्हर नागामोरी पाण्याची नळी टाकून ओल्या चपलांनी धावत आला.

"किल्ली!" ती म्हणाली.

दार उघडताच गरम हवेचा लोट अंगावर आला. तोकुजी सीटांना धरत धरत मागे पोचला. टोपीखाली कोणी नव्हतं. सीटखाली, पडद्यामागेही कोणी नव्हतं. तो तिथेच त्या बुटक्या सीटवर बसला.

"कोहारुची आहे," खालून नागामोरी म्हणाला. "पोहायला पळाली, टोपी विसरली. परत तिथेच बसायचीय म्हणून मी हलवली नाही. पण झालं काय, तोकुजीसान?"

"भोंगा वाजतो का?"

"गुरुवारपासून गप्प आहे. तुम्हाला फोन करायचा होता, राहून गेलं. पण मी जातो हो मागे. माझ्या पायांना कुठे तार लागते?" तो हसला, मग त्याचा आवाज उतरला. "खरं सांगायचं तर आज अर्ध्यातूनच फिरलो होतो. मुलांची घाई चाललेली. खाली उतरल्यावर आठवलं आणि पुन्हा चढलो."

तोकुजी खाली उतरला. हात मांड्यांना चिकटवून तो कमरेत पूर्ण वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.

"तार माझ्यामुळे तुटली. चूक माझी आहे."

"अहो, आजोबा, काही झालं नाही ना—"

"झालं असतं," तोकुजी म्हणाला.

मागच्या दाराच्या बिजागरीजवळचं रबर काढलं, तर आत तेच. सांधा चकचकीत, आणि शेजारी तार तुटलेली. त्याने स्वतः तो सांधा कापून काढला, खिशात टाकला आणि पिशवीतली पक्कड फुसाएच्या हातात दिली. मग टॉर्च घेतला. तिने जोडाला तारेचा नवा तुकडा घेतला, दोन्ही सांधे बिजागरीपासून दूर, न हलणाऱ्या जागी नेले.

"टॉर्च हलवू नका," ती म्हणाली.

त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. चार वेळा कचकन आवाज झाला.

"ओढून बघा."

त्याने ओढली. मग पाय रोवून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली. तार जागची हलली नाही.

"पुरे की आता," फुसाए हळूच म्हणाली. "मी लावलीय ती."

नागामोरीने इंजिन सुरू केलं आणि बंद केलं. भोंगा असा कोकलला की भिंतीपलीकडची मुलं क्षणभर गप्प झाली. नागामोरी सीटवरून उठायला लागला.

"थांबा. मी जातो," तोकुजी म्हणाला.

बस रिकामी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी तो पुढच्या सीटपासून निघाला. डावीकडे वाकून पाहिलं, उजवीकडे वाकून पाहिलं, एक पाऊल पुढे गेला, पुन्हा वाकला. फुसाए मागच्या दारात कानांवर हात न ठेवता उभी होती. शेवटच्या सीटवरची टोपी त्याने उचलली, आत पाहिलं आणि होती तशी परत ठेवली. मग बटण दाबलं.