बाबा कसे गेले

तिला घरात सगळे टेप म्हणायचे. एकदा कानावर पडलं की ती ते जसंच्या तसं म्हणून दाखवायची, मधल्या खोकल्यासकट. बाबांचं रेडिओ आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून ठेवायचा त्यांना भारी कंटाळा. शाळा सुटली की ते लेकीला स्टुलावर बसवायचे आणि दुकान बंद करताना विचारायचे, चार वाजताचे काका काय म्हणाले गं. मग टेप सांगायची, की आवाज येतो पण खरखरतो, आणि मागच्या खेपेलाही तुम्ही उद्या या असंच म्हणाला होतात. बाबा पोट धरधरून हसायचे. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याचं त्यांना कोण कौतुक. तीच हुशारी पुढे अंगाशी येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लढाई आधी बातम्यांत होती, मग पुलापलीकडे आली आणि एका मंगळवारी दुकानाच्या गल्लीत आली. बाबा पाण्याच्या रांगेत उभे होते म्हणून वाचले. दुकान जळालं, आणि मागच्या खोलीतल्या कपाटात तिघांचे सगळे कागद होते, तेही जळाले. चौथ्या दिवशी आई, बाबा आणि टेप चालत निघाली. दोन दिवस पाय तुडवत सीमेवरच्या नाक्यापाशी पोचली, तर तिथे सकाळीच नवा हुकूम आलेला. बायका-मुलांनी पुढे जायचं, पुरुषांनी मागे फिरायचं. बंदूकवाल्यापुढे कोण हुज्जत घालणार. बाबांनी टेपच्या बुटाची नाडी करकचून बांधली आणि आईला म्हणाले, "तिकडे तुमचे कागद झाले की मला बोलावून घ्या. नवऱ्याला बोलावता येतं, तसा कायदा असतो." मग ते आपल्या भावाच्या गावाकडे परत फिरले. त्या एका वाक्यावर आईनं पुढचा सगळा प्रवास रेटला.

नाक्यापुढे मालाचा ट्रक मिळाला. पोत्यांवर अकरा बायका, सहा पोरं आणि वर ताडपत्री. ट्रकवाला जगाची सगळी माहिती असलेला माणूस होता, निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. ट्रक थांबला की त्याचं व्याख्यान सुरू व्हायचं. नवरा जिवंत आहे म्हणालात तर नव्या देशातले साहेब म्हणतील, तो राहतोय ना तिकडे, मग तुम्हीही राहा. नवरा गेला म्हणा, की दार उघडलंच समजा. आईच्या अंगात ताप होता. तिनं पडल्या पडल्याच तोंड फिरवलं.

"असलं अभद्र माझ्या तोंडून निघणार नाही," ती म्हणाली.

ट्रकवाल्यानं तिचा नाद सोडला आणि पोरीला धरलं. माणूस वाईट नव्हता, फुकटचा शहाणपणा वाटायची हौस फार, एवढंच. आई तापात होती तेवढे पाच दिवस त्यानं टेपला शेजारी बसवून पाठ दिला. बाबा दुकानात होते. मोठा आवाज झाला. भिंत पडली. हात तेवढा बाहेर दिसत होता, आणि मनगटावरचं घड्याळ चालू होतं. हे घड्याळ सुचलं तेव्हा तो स्वतःवरच इतका खूश झाला की त्यानं तिला दोन बिस्किटं जास्त दिली. घड्याळाशी आलीस की थांबायचं, म्हणाला, आणि खाली बघायचं. असं सांगितलंस की तुझे बाबा लवकर येतील. मेलेला माणूस लवकर कसा येईल, हा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि तिलाही नाही.

पुढे बोट आली. बोटीतले तीन दिवस ओकण्यातच गेले, त्यामुळे समुद्र कसा होता ते टेपला सांगता येत नाही. मग तंबूंची छावणी, तिथे चार महिने, आणि मग एकदाचा नवा देश. तिथे त्यांना जुन्या वसतिगृहातली एक खोली मिळाली. दोन लोखंडी पलंग, एक टेबल, आणि जिन्याकडे उघडणारी खिडकी. टेप शाळेत जाऊ लागली. दर रविवारी दुपारी बाबांचा फोन यायचा. ती त्यांना नव्या भाषेतली मास्तरीणबाईंची बोलणी सुरासकट ऐकवायची आणि ते तिकडे, काकांच्या अंगणात बसून, पूर्वीसारखेच हसायचे. आईनं छावणीतच ठरवून टाकलं होतं, जे आहे ते सरळ सांगायचं. ट्रकवाल्याची बडबड तिच्या लेखी ट्रकबरोबरच गेली होती. पाठ रद्द झालाय, हे टेपला मात्र कुणी सांगितलंच नाही.

त्यांना इथे राहू द्यायचं की नाही, त्या चौकशीच्या दिवशी दोघींना दोन खोल्यांत नेलं. टेपच्या खोलीत सतरंजी होती, रंगीत खडू होते आणि एक कान नसलेला कापडी ससा होता. चष्मेवाले साहेब मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले होते. शेजारी दुभाषी बाई. साहेबांनी शाळेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग विचारलं, बाबा कुठे आहेत. टेपनं सांगितलं. आवाज, भिंत, हात. घड्याळाशी थांबून तिनं खाली बघितलं. दुभाषी बाईंचा आवाज मधेच चिरकला, आणि साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. टेप बाहेर आली ती नाचतच. आपण बाबांचं काम केलं, असं तिला वाटत होतं. भिंतीपलीकडे त्याच वेळी आई सांगत होती, की नवरा जिवंत आहे, भावाकडे आहे आणि दर रविवारी फोन करतो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते घेऊन आई वकीलबाईंकडे गेली. त्या वसतिगृहात मंगळवारी येऊन बसत आणि सगळ्यांची कामं फुकट करत. बोलायला भराभर, पण मनानं सरळ बाई. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि हळू आवाजात समजावलं. साहेबांचा विश्वास मुलीवर बसलाय. एवढं बारीक वर्णन लहान मूल मनानं रचत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नवरा वारलाय, आणि त्याच्या नावावर आई कुणा भलत्याच माणसाला आणू बघतेय. असं ठरलं तर नुसते बाबाच नाहीत, मायलेकीही परत.

आईनं पोरीला पलंगावर समोर बसवलं आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. ट्रकवाल्या काकांनी, टेप म्हणाली. आईनं तिला दोन रट्टे दिले असते तरी चाललं असतं. तिनं हातच उचलला नाही. नुसती भिंतीला टेकून बसून राहिली. संध्याकाळी आई उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, आता पुन्हा बोलावतील तेव्हा खरं सांगायचं, सगळं.

पुन्हा बोलावलं. तीच सतरंजी, तोच ससा. टेपनं आत शिरता शिरताच सांगून टाकलं.

"मी खोटं बोलले होते. बाबा आहेत. ट्रकवाल्या काकांनी मला शिकवलं होतं."

साहेबांनी तिच्याकडे फार मायेनं बघितलं. "हे आज सांगायचं, असं तुला कुणी सांगितलं?"

"आईनं."

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. टेप म्हणाली, बाबांना फोन लावा, मी नंबर पाठ म्हणते. साहेब म्हणाले, बाळ, तुला इथे कुणी रागावणार नाही. ती म्हणाली, बाबा रविवारी माझ्याशी बोलले. साहेबांनी ससा तिच्याकडे सरकवला. मग मात्र तिला रडू फुटलं, इतकं की बोलताच येईना, आणि मुलगी बोलता बोलता रडली, हेही त्यांनी लिहून घेतलं. मोठ्या माणसांना खोटं कसं गळी उतरवायचं ते तिला कुणीतरी शिकवलं होतं. खरं कसं उतरवायचं, ते कुणालाच येत नव्हतं. साहेब दुष्ट असते तर निदान त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या. तीही सोय नव्हती.

वकीलबाईंनी करायचं ते सगळं करून पाहिलं. फोनवर कुणीही माणूस बाबा म्हणून बसू शकतो, असं उत्तर आलं. रक्त तपासून बाप कोण ते कळतं, पण त्यासाठी बाबांना ज्या कचेरीत जायचं होतं ती लढाईपासून बंद, आणि दुसरी होती ती नाक्याच्या पलीकडे. शेवटी बाईंनी हात टेकले. एकच वाट उरलीय, म्हणाल्या. नवरा वारला असं आईनं लिहून द्यायचं. मन मानत नव्हतं म्हणून तो आहे असं मी म्हणत राहिले, असं सांगायचं. पुष्कळ बायकांचं तसं होतं, साहेब समजून घेतील. मायलेकींचे कागद होतील. मात्र एकदा लिहून दिलं की संपलं. कागदावर मेलेल्या माणसाला पुढे कधीच बोलावता यायचं नाही.

आईनं आठ दिवस नाही म्हणून काढले. पत्राला उत्तर द्यायच्या मुदतीला महिना उरला तेव्हा रविवारी तिनं बाबांना सगळं सांगितलं. तिकडे काकांच्या कोंबड्या कलकलत होत्या.

"पोरीचे कागद होतील ना त्यानं?" बाबांनी विचारलं.

"होतील. पण मग तुम्ही?"

"माझं मी बघतो काहीतरी. तू सही कर."

काय बघणार होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईनं विचारलंही नाही. मग ते म्हणाले, टेपला दे. मी कसा गेलो ते मला ऐकू दे, म्हणाले. टेपनं आढेवेढे घेतले, मग सांगितलं. बाबांनी ते बिघडलेला रेडिओ ऐकावा तसं कान देऊन ऐकलं आणि चुका काढायला लागले. नुसती भिंत काय म्हणतेस, विटांची भिंत होती आपली. आणि मी घड्याळ कधी घालायचो गं, काढून टाक ते. मग जरा थांबून म्हणाले, नको, राहू दे, एकदा सांगितलंयस, आता बदलू नकोस. पुढचे दोन रविवारही त्यांनी तिच्याकडून तेच म्हणवून घेतलं. शाळेचं त्यांनी विचारलं नाही आणि ती मास्तरीणबाईंची नक्कल करायलाही विसरली. तिसऱ्या रविवारी ते शाबास म्हणाले. एरवी शाबास म्हटलं की ती दिवसभर फुशारायची. त्या दिवशी फोन आईकडे देऊन ती जिन्यात जाऊन बसली.

तारखेच्या दिवशी बाबांचा फोन सकाळीच आला, रविवार नसताना. दोघींशी थोडंथोडं बोलले. मग मायलेकी वकीलबाईंबरोबर निघाल्या. या वेळी दोघींना एकाच खोलीत बसवलं. मोठं टेबल, पाण्याचा तांब्या, कागद तयार. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे बाईंनी स्वतःच्या तोंडानं एकदा सांगायचं, मग सही. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी प्यायली. पुन्हा उघडलं. शब्द फुटेना. वकीलबाई घड्याळाकडे बघत होत्या, दुभाषी बाई टेबलाकडे. आई नुसती पदराचं टोक पिळत बसली होती.

म्हणून टेप बोलली. बाबा दुकानात होते. मोठा आवाज झाला. विटांची भिंत पडली. हात तेवढा बाहेर दिसत होता. सगळं सांगितलं तिनं, घड्याळाशी थांबून. खाली बघायची मात्र आठवण ठेवावी लागली नाही. आईनं एकदाच मान हलवली, आणि साहेबांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. माणूस भलाच होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागदावर नसलेला एक प्रश्न आपल्या मनानं विचारला.

"बाबा तुझ्याशी शेवटचं काय बोलले, आठवतं?"

हे ट्रकवाल्यानं शिकवलं नव्हतं आणि बाबांनीही शिकवलं नव्हतं. टेपनं आईकडे पाहिलं. आई खिडकीकडे बघत होती. आपल्या मनानं रचायचं कसं, ते टेपला येत नव्हतं. म्हणून तिनं सकाळी फोनवर ऐकलेलं तेच सांगितलं.

"घाबरू नकोस, म्हणाले. मी आहे, म्हणाले."

साहेबांनी ते वाक्य दुभाषी बाईंकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, नीट लिहिलं आणि कागद आईपुढे सरकवला. आईनं सही केली.