माझा दिवा हिरवाच होता

मित्रांनो, दवाखान्यात गेलात की तुम्ही मान वर करून छताकडे कधी बघता का? नाही ना? बघा एकदा. ताटलीएवढा, पांढरा, पोटात बारीकसा दिवा असलेला एक डबा तिथे चिकटलेला दिसेल. त्याला कुणी धुराची घंटा समजतं, कुणी पंख्याचं झाकण. एक आजोबा तर मला कॅमेरा समजून रोज माझ्याकडे बघून भांग पाडायचे! मी वायफायचा ॲक्सेस पॉइंट आहे. म्हणजे होतो. आता पिवळा पडलोय आणि अडगळीच्या खोलीत केबलींच्या भेंडोळ्यांत उताणा पडून आहे.

माझी भावंडं वरच्या मजल्यांवर गेली, उजेडात. माझ्या वाट्याला तळघरातला बोळ आला. सुरुवातीला मी फार रुसलो. पण तिथला वॉर्ड पाहिला आणि रुसवा पळाला. तिथली माणसं आजाराने इतकी नाजूक झालेली, की साध्या शिंकेनेही त्यांच्या जिवावर बेतायचं. त्यामुळे भेटायला कुणालाच परवानगी नाही. आतली वस्तू बाहेर येत नाही, बाहेरचा माणूस आत जात नाही. सिस्टरांचे मोबाइलसुद्धा दाराबाहेरच्या कपाटात. शेजारी एक्स-रेची खोली, म्हणून भिंती जाडजूड, आणि मोबाइलची एक दांडीही तिथे उमटत नसे. अशा ठिकाणी व्हिडिओ कॉलवर घरच्यांचं तोंड दाखवणारा मी एकटा! "हा डबा आहे म्हणून जीव रमतो," असं पेशंट म्हणाले की मी छतावर फुगून बसायचो.

आता आमच्या कामाची थोडी गंमत सांगतो, ती नीट ऐका. माझ्या पाठीत एकच तार असते, पण तिच्यातून वेगवेगळ्या वाटा निघतात. एक डॉक्टर-कर्मचाऱ्यांची, एक यंत्रांची, एक पेशंटची. प्रत्येक वाटेला नंबर असतो. या वाटांना व्हीलॅन म्हणतात. कुणी कुठल्या नंबराने जायचं ते आमचा मोठा साहेब, म्हणजे कंट्रोलर ठरवतो. आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला स्विच नावाचा दरवान बसतो. त्याला सांगून ठेवलेल्या नंबरालाच तो आत सोडतो. दुसऱ्या नंबराने कितीही दार वाजवा, तो ढिम्म.

त्या वॉर्डात माझ्यासमोरच्या काचेआड मास्तर राहायला आले. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. हातांत सदैव अदृश्य कात्री असल्यासारखी बोटं चालायची. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर दोघांनी मिळून घरच्या घरी खुणांची भाषा तयार केली होती. ती त्या दोघांखेरीज कुणालाच येत नव्हती. साधा फोन त्यांच्या काय कामाचा? रोज दुपारी मास्तर टॅबलेट मांडीवर उभा करायचे आणि दोघं हातांनी गप्पा मारायची. काकू कणीक मळता मळता बोलायच्या, म्हणजे अर्धी वाक्यं पिठातच जायची! पाहून पाहून ती भाषा मलाही येऊ लागली.

एके दिवशी काकू स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा तागा काढायला गेल्या आणि पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. मास्तर त्या दुपारी असे रागावले, असे हात चालवले, की सलाईनची नळी ताणली गेली. 'शंभरदा सांगितलं होतं, चढू नकोस म्हणून! ऐकशील तर शपथ!' काकूंनी शांतपणे डोळे मिटून घेतले. हातांनी बोलणाऱ्यांच्या भांडणात याहून जोरात दार आपटता येत नाही, मित्रांनो.

"उद्या समजूत काढतो," मास्तर सिस्टरांना हसत म्हणाले. "रुसली की नाकाचा शेंडा लाल होतो तिच्या."

दुसऱ्या दिवशी कंट्रोलरचं अपग्रेड झालं.

आमची देखभाल करणाऱ्याला सगळे नेटवर्कदादा म्हणत. माणूस वाईट नव्हता हो. एकटा सगळे मजले पळायचा आणि खिशातला फोन त्याला घास गिळू द्यायचा नाही. अपग्रेडनंतर वेळ वाचवायला त्याने वरच्या मजल्यांची सगळी मांडणी जशीच्या तशी आम्हा सर्वांवर चढवली. वरती पेशंटच्या वाटेचा नंबर वेगळा होता. तळघरातला स्विच जुना, त्याला तो नंबर कुणी सांगितलाच नाही. झालं! तेव्हा वॉर्डात मास्तर एकटेच पेशंट होते. त्यांचा टॅबलेट माझ्याशी जोडला जायचा, दांड्या पूर्ण दिसायच्या आणि वर ते चाक नुसतं गरगरत राहायचं. त्याची हाक मी तारेत ढकलायचो आणि दरवान ती तिथेच टाकून द्यायचा.

"दादा, मास्तरांचा कॉल लागत नाहीये हो," सिस्टर म्हणाल्या.

नेटवर्कदादाने मान वर केली. "दिवा हिरवा आहे की! कंट्रोलरवरही सगळं हिरवंगार दिसतंय." त्याने स्वतःचा फोन काढला. "हे बघा, धाडधाड चालतंय."

"तुमचं चालतंय हो! मास्तरांचं चालत नाही."

"टॅबलेट म्हातारा झाला असेल. बंद करून चालू करा."

"करून करून माझं बोट झिजलं!"

"मग बाहेर आणा, बघतो."

"आतली वस्तू बाहेर येत नाही. किती वर्षं येताय इथे?"

तेवढ्यात वायफायवरच त्याचा फोन वाजला आणि तो जिन्याकडे पळाला. अरे दादा, तुझा फोन कर्मचाऱ्यांच्या वाटेने जातो! पेशंटच्या वाटेवर एकदा पाय ठेवून बघ! मी ओरडत होतो. पण मला तोंड कुठे होतं? एक दिवा होता, तोही हिरवा.

सिस्टरांनी वर जाऊन मास्तरांच्या पुतण्याला फोन करून काकूंसाठी निरोप दिला, की यंत्र बिघडलंय. "ती मानायची नाही," मास्तर म्हणाले. "माझे हात दिसल्याशिवाय तिला काही पटत नाही." मग रोज दुपारी ते काळ्या पडद्यासमोर बसायचे आणि सराव करायचे. 'चुकलो. पाय दुखतो का? तू पडलीस तेव्हा मी जवळ नव्हतो, म्हणून चिडलो.' दिवसागणिक हात खाली खाली येत गेले. शेवटी नुसती बोटं हलायची, चादरीवर.

आणि एका सकाळी काचेआडचा पलंग रिकामा झाला.

त्याच दिवशी नेटवर्कदादा दुसऱ्याच कामाला खाली आला होता. सिस्टर दाराशी उभ्या राहून औषधी बोळ्याने टॅबलेट पुसत होत्या. आता तो बाहेर येऊ शकत होता.

"द्या, आता बघतो," तो म्हणाला.

त्याने टॅबलेट चालू केला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "याला नेटवर्कचा पत्ताच मिळत नाहीये. ही पेशंटची वाट... अरे, खालच्या स्विचवर हा नंबर टाकलाच नाही मी." तो बोळाच्या टोकाच्या कपाटाकडे धावला. लॅपटॉप जोडला, काहीतरी टाइप केलं आणि परत आला. सिस्टरांच्या टेबलावरचा चहा अजून गारही झाला नव्हता.

एवढंच काम होतं, मित्रांनो. एवढंच.

टॅबलेट एकदम जागा झाला. अडकलेले व्हिडिओ एकामागून एक माझ्यातून धडाधड उतरायला लागले. सगळे काकूंचे.

पहिल्यात त्या फुरंगटून बसलेल्या. पुढच्यात म्हणाल्या, 'पुतण्या म्हणतो यंत्र बिघडलं. तुम्हीच शिकवलं ना त्याला?' मग, 'स्टूल देऊन टाकलं शेजारी. आता तरी बोला.' मग, 'इतका राग?' शेवटच्यात हात बराच वेळ मांडीवरच होते. मग सावकाश उचलले. 'बरं. नका बोलू. नुसतं दिसा.'

"काय म्हणतायत त्या?" नेटवर्कदादाने विचारलं.

"त्यांची भाषा त्या दोघांनाच यायची," सिस्टर म्हणाल्या आणि तोंडाला पदरासारखा मास्क धरून वळल्या. तो तिथेच जमिनीवर बसला.

त्या बोळात काकूंचं बोलणं समजणारा मी एकटा होतो. आणि मास्तरांनी काळ्या पडद्याला काय सांगितलं, तेही पाहिलेला मी एकटाच. टॅबलेट पुतण्याबरोबर घरी गेला. त्यात काकूंचे सगळे हात होते, मास्तरांचे नव्हते. पुढे नवे डबे आले, मला उतरवलं, आणि तो निरोप माझ्यापाशीच राहिला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी नाही म्हणणार. मी डबा आहे, माझं काय! पण तुमच्यातलं कुणी मोठेपणी आमची देखभाल करायला येईल, तर कुणी "माझं चालत नाही" म्हटल्यावर आपला फोन खिशात ठेवा. त्याच्या शेजारी बसा, त्याची वस्तू त्याच्या हातात असताना बघा, आणि हात लावता येत नसेल तर काचेतून बघा. आणि तुमच्यातलं कुणी घरी कुणावर रुसलं असेल, तर हे वाचून होताच उठा आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा. तुम्हाला पाय आहेत.